मागच्या पाळीप्रमाणे

मी भिंत बघायचं काम करते असं सांगितलं की नवे पाहुणे मला गवंडी समजतात. मीही मग फारसं समजावत बसत नाही. नांदूरघाटच्या संमीलन, म्हणजे फ्यूजन, वीज केंद्रात एक पोकळी आहे, मेदूवड्याच्या आकाराची, पण दुमजली घराएवढ्या उंचीची. तिच्या आतल्या अंगाला टंगस्टनच्या तेरा हजार फरशा बसवलेल्या आहेत. त्या फरशा जागच्या जागी आणि धडधाकट आहेत की नाहीत, एवढंच दर आठवड्याला बघायचं आणि सही करायची. सही माझी, कुंदा पाझारे, भिंत निरीक्षक.

या केंद्राच्या जागी पूर्वी कोळशाचं केंद्र होतं. मी तिथल्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत चौदा वर्षं काढली. शेवटची चिमणी पाडली तेव्हा निम्म्या गावाच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण नव्या केंद्रानं जुन्या माणसांना शिकवून घ्यायचं ठरवलं. शिकवलं म्हणजे पुस्तकं हातात दिली. मला त्यातलं ओ की ठो कळेना. तेव्हा देवराव वासेकर, म्हणजे बॉयलरवरचे आमचे जुने पाळीप्रमुख, दर रविवारी माझ्या अंगणात येऊन बसायचे आणि आदल्या आठवड्यात स्वतः जे शिकले ते मला शिकवायचे. मी परीक्षा पास झाले ती त्यांच्यामुळे. त्यांना सगळं केंद्र भाऊ म्हणतं, पण मी म्हणते तेव्हा ते खरंच तसं असतं.

भाऊंनी मला पहिल्या रविवारी जे सांगितलं तेच इथं सांगते, कारण त्याहून सोपं मला येत नाही. भट्टीत, म्हणजे त्या पोकळीत, हायड्रोजनची दोन जड भावंडं इतकी तापवतात की त्यांचा वायूही वायू राहत नाही, प्लाझ्मा होतो. पंधरा कोटी अंश. एवढं तापलेलं काहीही कुठल्या भांड्यात मावणार नाही, म्हणून चुंबकांनी ते अधांतरी धरून ठेवतात. भिंतीला ते शिवत नाही. पण कधी कधी त्याचा तोल जातो, आणि तो गेला की काही हजारांश सेकंदांत सगळी उष्णता भिंतीच्या एका तुकड्यावर येऊन आदळते. त्यातच इलेक्ट्रॉनांचा एक झोत सुटतो, जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं पळणारा. तो एका जागी लागला तर फरशी भेदून मागच्या पाण्याच्या नळीपर्यंत जातो. पाणी आत शिरलं की केंद्र दोन वर्षं बंद.

यावर उपाय आहे बर्फाची गोळी. पाण्याचा बर्फ नव्हे. निऑन आणि हायड्रोजन यांचं मिश्रण उणे दोनशे साठ अंशांच्या आसपास गोठवून अंगठ्याएवढी कांडी करतात आणि ती नळीत तयार ठेवतात. नळीला शेवटी एक वाक आहे. कांडी त्या वाकावर आपटते, तिचा चुरा होतो आणि तो चुरा प्लाझ्मात घुसतो. मग सगळी उष्णता एका जागी न पडता उजेड होऊन चहूकडे पसरते. तेरा हजार फरशांना प्रत्येकी थोडा थोडा चटका बसतो आणि एकही जळत नाही. भट्टी मात्र विझते. आतला निऑन उपसून, सगळं तपासून ती पुन्हा पेटवायला नऊ तास लागतात.

गोळी कधी मारायची हे माणूस ठरवू शकत नाही, कारण इशारा मिळतो तो तीस हजारांश सेकंद आधी, म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्याही आत. म्हणून एक गणकयंत्र क्षणोक्षणी धोक्याचा आकडा काढत असतं, शून्य ते शंभर. आकडा ठरवलेल्या रेषेच्या वर गेला की गोळी आपोआप सुटते. माणसाच्या हातात फक्त ती रेषा. केंद्र बांधणाऱ्यांनी ती साठवर आखून दिली होती.

पहिल्याच मे महिन्यात गोळी चार वेळा सुटली. आमच्याकडचा मे म्हणजे सत्तेचाळीस अंश. केंद्राच्या उद्घाटनात सांगितलं होतं की ही वीज कधी जाणार नाही, आणि भारनियमनाला विटलेल्या गावानं ते इतकं मनावर घेतलं की घराघरांतले इन्व्हर्टर भंगारात गेले, माठ माळ्यावर गेले, वाळ्याचे पडदे कोणी विणेना. बॅटऱ्यांचा साठा दोन तास पुरायचा. पुढचे सात तास गावात कूलर बंद. तिसऱ्या खेपेला जुन्या वस्तीत नागोराव मोहुर्ले नावाचे एक म्हातारे भाजीवाले उष्माघातानं गेले. त्या दिवशी पाळी भाऊंची होती. चौकशीत म्हटलं, भिंतीला काहीही झालेलं नाही, चारही गोळ्या विनाकारण सुटलेल्या दिसतात. हे वाक्य भाऊंनी वाचलं आणि कागद घडी करून खिशात घातला. अंत्ययात्रेत ते सगळ्यांच्या मागे चालत होते. त्यानंतर जुन्या वस्तीच्या वाटेला ते गेले नाहीत.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर गोळी सुटली नाही. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं, मुंबईहून लोक बघायला आले. आम्हाला वाटलं, भट्टी आता माणसाळली.

आमच्याकडे दर रविवारी पहाटे भट्टी मुद्दाम, हळूहळू शांत करतात. तेव्हा बॅटऱ्या भरलेल्या असतात आणि मागणीही कमी असते. मग आत घोरपड सोडायची. घोरपड म्हणजे भिंतीला चिकटून फिरणारा यांत्रिक हात, नाव आमच्याच लोकांनी ठेवलेलं. ती प्रत्येक फरशीचा फोटो काढते, आणि पडद्यावर डावीकडे मागच्या आठवड्याचा आणि उजवीकडे आजचा असे दोन फोटो येतात. फरक दिसला तर लिहायचं. नसेल तर लिहायचं, ‘मागच्या आठवड्याप्रमाणे’.

मेच्या दुसऱ्या रविवारी घोरपडीचा कॅमेरा बदलला होता. नव्या कॅमेऱ्याला जुने आठवडे ओळखता येईनात, म्हणून त्यानं डावीकडे सरळ पहिला फोटो आणून ठेवला, केंद्र सुरू होण्याआधीचा. सातव्या पट्टीतली खालची फरशी आली आणि मी खुर्चीतच पुढे सरकले. डावीकडची फरशी धारदार कडांची होती. उजवीकडची वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी गोल झाली होती. मी शेजारची बघितली, मग तिच्या शेजारची. अकरा फरशा तशाच होत्या. त्या एका दिवसात तशा झाल्या नव्हत्या. त्या माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या सहीखाली, अठ्ठेचाळीस आठवडे झिजत होत्या, आणि मी दर वेळी मागच्या आठवड्याच्या फोटोशी आजचा ताडून ‘फरक नाही’ म्हणत होते.  मी स्वतःला शिव्या दिल्या, मोठ्यानं दिल्या, खोलीत कोणी नव्हतं म्हणून बरं.

फरशा झिजतात म्हणजे प्लाझ्मा अधूनमधून डळमळून भिंतीला चाटून जात असणार. आणि तो डळमळत असेल तर गोळी का सुटत नव्हती? मी रेषा कुठे आहे ते पाहिलं. ती एकोणऐंशीवर होती.

नियम असा होता की पाळीप्रमुखानं परिस्थिती पाहून चालू रेषा अर्ध्या अंकानं वरखाली करावी. चालू रेषा. मूळची नव्हे. कोळशाच्या केंद्रात पाळी बदलताना वहीत एकच वाक्य लिहायची रीत होती, ‘मागच्या पाळीप्रमाणे’. तिथं ते चालून जायचं, कारण बॉयलर आजारी पडला की तो शिट्ट्या मारतो, गळतो, थरथरतो, सगळ्या केंद्राला ऐकू जातं. ही भिंत काही बोलत नाही. तरी आम्ही तीच रीत इथं आणली. येणारा पाळीप्रमुख ‘मागच्या पाळीप्रमाणे’ लिहायचा, उन्हाचा अंदाज घ्यायचा आणि रेषा अर्ध्यानं चढवायचा; वहीत आकडा नव्हे, फक्त ‘अर्धा वर’ एवढंच लिहायचा. उतरवत कोणीच नव्हतं. अडतीस वेळा अर्धा अंक. त्यातल्या एकवीस वेळा सही देवराव वासेकरांची होती, आणि पहिली नागोरावांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीची.

संचालक मेहेंदळे मॅडमकडे सरळ जाणं हा माझा धर्म होता. मी गेले नाही. मी आधी भाऊंकडे गेले, आणि ते चूक होतं की बरोबर याचा मी अजून विचार करते. ते कॅन्टीनच्या मागच्या कडुलिंबाखाली डबा खात बसले होते. निवृत्तीला अठरा दिवस उरले होते. मी दोन फोटो आणि तो आकडा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. त्यांना वाटत होतं रेषा फार तर सत्तरवर असेल. बाकीचे दोघं पाळीप्रमुखही चढवतात हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्यांनी फोटो परत माझ्याकडे सरकवले. मग म्हणाले, “एवढा मे जाऊ दे, कुंदा. मिरग लागला का मी स्वतः साठवर आणतो. आता आणली तर गोळी सुटल्याशिवाय राहत नाही.”

मी म्हटलं, भिंत तोवर टिकेल याची खात्री कोण देणार? ते म्हणाले, तूच दे, भिंत तुझी आहे. मी रविवारी दुपारभर आकडेमोड केली होती, खोटं बोलता येईना. सांगितलं की टिकण्याचीच शक्यता जास्त आहे, चाळिसात एकदा ती जाईल. आणि गेली तर दोन वर्षं सगळा जिल्हा अंधारात.

“हिशेब मलेही समजते,” भाऊ म्हणाले. “चाळिसात एक म्हणजे कायच नाही, असं मी मनाले समजावू शकतो. पण गोळी सुटली का माणूस मरते, ते मी पाह्यलं आहे. तू मले सांग, मी कोणत्या दुपारी कोणाले मारू?”

हे ऐकून मला राग आला. रडूही आलं, पण राग जास्त. मी म्हणाले, “भाऊ, एकोणऐंशीवर ठेवलं तर कोणी मरणार नाही असं का वाटते तुम्हाले? दोन उन्हाळे वीज नसली तर किती नागोराव होतील? ते तुमच्या पाळीत मरणार नाहीत, एवढंच.”

असं मी त्यांच्याशी उभ्या जन्मात बोलले नव्हते. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि उठून गेले. मी मात्र तिथंच बसून राहिले. उद्या सकाळी मॅडमना सांगायचं आणि भाऊंशी असलेलं नातं इथंच संपलं असं समजायचं, हे मी त्या झाडाखाली ठरवून टाकलं.

सकाळी मॅडमच्या दारात गेले तर भाऊ आतून बाहेर येत होते. त्यांनी सगळं सांगून टाकलं होतं, आपल्या एकवीस सह्यांसकट. माझ्या अठ्ठेचाळीस सह्यांबद्दल एक अक्षर बोलले नव्हते, ते मी आत जाऊन सांगितलं. मॅडम पुण्याच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी रेषा त्याच तासाला साठवर आणायला लावली आणि नियमातला ‘चालू’ हा शब्द स्वतःच्या पेनानं खोडून ‘मूळ’ असा लिहिला. पण गावाला काही कळवायचं नाही, असं वरून आलं. लोक घाबरतील, केंद्राची पत जाईल, वगैरे. मॅडमनी ते आम्हाला वाचून दाखवलं आणि कागद टेबलावर पालथा ठेवला.

भाऊ त्याच संध्याकाळी पाळी संपल्यावर गावात निघाले. मला बोलावलं नव्हतं, पण फाटकाशी थांबून वाट बघत होते. काल झाडाखाली काय झालं ते दोघांनीही काढलं नाही. आम्ही घरोघरी गेलो. भाऊ सांगायचे की येत्या दिवसांत वीज एकदम जाईल आणि सात तास येणार नाही. कोणत्या दिवशी ते ठाऊक नाही, पण जाईल नक्की. माठ काढा, चादरी भिजवायला हाताशी ठेवा, म्हातारी माणसं एकटी ठेवू नका, आणि फारच झालं तर केंद्राच्या प्रशिक्षण हॉलच्या तळघरात या, तिथं गारवा असतो. काही घरांतून आमची चांगली खरडपट्टी निघाली. एका आजोबांनी विचारलं, कधीच न जाणारी वीज ती हीच का? भाऊ ‘हाव’ म्हणाले. एका दवाखान्यात त्यांनी स्वतः जनित्र सुरू करून पाहिलं. ते सुरू झालं नाही, मग दुसऱ्या दिवशी मिस्तरी घेऊन गेले. पाचव्या दिवशी त्यांना मेमो मिळाला. तो त्यांनी वाचला आणि संध्याकाळी पुन्हा निघाले.

जुनी वस्ती शेवटी राहिली. गल्लीच्या तोंडाशी भाऊ थबकले. मोहुर्ल्यांच्या घरी तू जाऊन ये, मी बाकीची घरं घेतो, म्हणाले. मी गेले. नागोरावांची बायको शेवंताबाई लसूण सोलत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि माझ्यासाठी पाणी आणलं.

पुढच्या मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी गोळी सुटली. मी तेव्हा नियंत्रण कक्षातच होते. आवाज म्हणाल तर पेनाचं टोपण लावल्यासारखा, टक्. पडद्यावरचा गुलाबी उजेड एकदम पांढरा झाला आणि गेला. खुर्चीत भाऊ होते. त्यांनी वेळ लिहिली, कारणाच्या रकान्यात ‘धोक्याचा आकडा ६३’ असं लिहिलं, आणि उठून सगळ्यांत आधी दवाखान्याला फोन केला. वीज रात्री अकराला आली. तळघरात तोवर तीनशेच्या वर माणसं बसली होती, पोरं खेळत होती, बायकांनी घरून भाकरी आणल्या होत्या. दोघांना सलाईन लावावं लागलं. गेलं कोणी नाही. भाऊंनी दवाखान्यात तीन वेळा विचारून खात्री केली.

भट्टी पुन्हा पेटवण्याआधी मी घोरपड आत सोडली होती, डावीकडे पहिला फोटो ठेवून. भिंतीला नव्यानं काहीही झालेलं नव्हतं. सातव्या पट्टीतली ती फरशी आणखी केसभरही झिजली नव्हती.

भाऊंनी दुसऱ्या दिवशी विचारलं, “खरंच येणार होतं का ते? का उगाच सुटली?”

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं, आणि त्यांचं समाधान होईल असं उत्तर देण्याचा मोहही झाला. पण त्यांनीच मला शिकवलं होतं. मी म्हटलं, माहीत नाही. गोळीनं प्लाझ्मा विझवला, म्हणजे पुढे त्याचं काय होणार होतं तेही विझलं. ते बघायला गोळी न मारताच थांबावं लागलं असतं. मग हळूच म्हटलं, मागच्या वर्षीच्या चार गोळ्यांचंही तसंच आहे. चौकशीवाल्यांनी शाबूत भिंत पाहून त्या विनाकारण ठरवल्या. पण भिंत शाबूत राहावी म्हणून तर त्या मारल्या होत्या. नागोराव गेले ती गोळी गरजेची होती की नव्हती, हे कोणालाच सांगता येणार नाही. आजही नाही, पुढेही नाही.

 एक वर्ष भाऊंनी ‘विनाकारण’ हा शब्द खिशात घेऊन काढलं होतं, त्यावर अर्धा अर्धा अंक रचत गेले होते. तो शब्द काढून घेतला तर हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही दिसलं नाही. ते एवढंच म्हणाले की मग त्या घरी जाऊन हे सांगायला पाहिजे.

एकतीस मेला, निवृत्तीच्या दिवशी, निरोपाचा कार्यक्रम उरकून आम्ही जुन्या वस्तीत गेलो. शेवंताबाईनं आम्हाला ओसरीवर बसवलं. भाऊंनी आपलं नाव सांगितलं, आणि त्या दिवशी भट्टी बंद झाली तेव्हा खुर्चीत मीच होतो हेही सांगितलं. गरज होती का नव्हती, ते मला ठाऊक नाही आणि कधी कळणारही नाही, असं ते म्हणाले.  पुढे त्यांनी गोळीचं समजावून सांगायला सुरुवात केली, भिंतीचं, चाळिसात एकचं. शेवंताबाईनं मध्येच हात वर केला.

“ते तुमचं तुमाले ठाऊक,” ती म्हणाली. “मंगळवारी बी गेली ना लाईन? पण ही बाई आधी येऊन सांगून गेली होती. मी चादरी ओल्या केल्या, शेजारच्या बुढ्याले धरून तुमच्या तळघरात नेलं. तो बसला हाय पहा तिथं, बिडी ओढत. तवा आमाले कोणी सांगतलंच नव्हतं, अशी जाऊ शकते म्हणून. यायनं माठ बी फोडून टाकला होता. काहून नाही सांगतलं?”

वर्षभर भाऊ स्वतःला एकच प्रश्न विचारत होते, गोळी सुटायला हवी होती का. त्याचं उत्तर जगात कोणाकडे नव्हतं. तिनं विचारलेला प्रश्न वेगळा होता, आणि त्याचं उत्तर आम्हा दोघांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

“सांगायला पायजे होतं, बाई,” भाऊ म्हणाले.

शेवंताबाईनं मान हलवली, आणि शेजारच्या म्हाताऱ्याला, उन्हातून उठून सावलीत बस, असं ओरडून सांगितलं.